मदत हवी आहे: इंग्रजीत 'हॅड' कुठे लावायचं? जरा लवकर

शिकाऊ_३२
आज साहेबांनी माझी मेल परत पाठवली. तीन ठिकाणी 'हॅड' खोडलंय, कारण काही दिलेलं नाही. नियम मला पाठ आहे, हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे पूर्ण भूतकाळ. मी तेच लिहिलंय. मग चुकलं कुठे? उद्या सकाळी मेल पुन्हा पाठवायची आहे. पुस्तकांची नावं नकोत, नेमकं सांगा.

पानगळ
वाक्यं कुठे आहेत? ती बघितल्याशिवाय काय सांगणार?

रानवारा
व्याकरण बाजूला ठेवा. मी रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकत गेलो. सात-आठ महिन्यांत काळ आपोआप जिभेवर बसले.

मीनल_व
रानवारा, त्यांना मेल उद्या पाठवायची आहे.

शब्दवेडा
मेल 'पाठवायची' की 'पाठवायचा'? मी कायम 'तो मेल' म्हणतो.

शिकाऊ_३२
हे घ्या वाक्य: 'आय हॅड सेन्ट द फाइल यस्टरडे.' मी काल फाइल पाठवली होती. होती म्हणजे हॅड, बरोबर ना?

मीनल_व
गोम तिथेच आहे. 'काल तुला फोन केला होता' असं आपण सहज म्हणतो, त्याच्या पुढेमागे दुसरी घटना नसली तरी. इंग्रजीत हॅड दिसलं की वाचणारा शोधायला लागतो, कशाच्या आधी?

ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा. 'द मीटिंग हॅड स्टार्टेड व्हेन आय अराइव्हड', म्हणजे मी पोहोचलो तेव्हा मीटिंग आधीच सुरू झालेली. 'द मीटिंग स्टार्टेड व्हेन आय अराइव्हड', म्हणजे मी आलो आणि मग सुरू झाली. एका हॅडने उशीर माझ्या माथी येतो.

तुमच्या वाक्यात नुसता 'काल' आहे. 'आय सेन्ट द फाइल यस्टरडे' एवढंच पुरे.

शिकाऊ_३२
मग 'आय हॅव सेन्ट द फाइल यस्टरडे' लिहू?

पानगळ
नको! हॅवसोबत संपलेली वेळ येत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, सगळं बाद. टुडे, धिस वीक चालतं, कारण ती वेळ अजून चालू आहे. नुसतं 'आय हॅव सेन्ट द फाइल' लिहिलं तर अर्थ असा की फाइल पाठवून झाली आहे, बघून घ्या.

रानवारा
अमेरिकन लोक सर्रास 'डिड यू ईट यट?' म्हणतात. इतका काथ्याकूट कशाला?

पानगळ
जस्ट, ऑलरेडी, यट असताना अमेरिकेत बोलताना साधा भूतकाळ चालतो, ब्रिटिश बहुधा हॅव वापरतात. पण हॅव आणि यस्टरडे एकत्र दोघांकडेही चूकच.

शब्दवेडा
'ती मेल' म्हणणारे बहुधा 'चिठ्ठी' डोक्यात धरून बोलतात. यावर वेगळा धागा काढतो.

शिकाऊ_३२
दुसरं वाक्य. 'आय हॅड वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.'

मीनल_व
अजून तिथेच काम करताय ना? मग 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, पाच वर्षांपासून आणि २०१९ पासून. इंग्रजीत किती काळ ते सांगायला फॉर, कधी सुरू झालं ते सांगायला सिन्स. मात्र 'नो' म्हणजे ओळखणे, अशा क्रियापदाला बीन-आयएनजी लावू नका. 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.'

तिसरं कुठलं?

शिकाऊ_३२
'व्हेन यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी लेफ्ट द ऑफिस.'

मीनल_व
आधी निघालात, नंतर फोन आला. यातलं हॅड अगदी बरोबर आहे. ते उगाच खोडलंय.

शिकाऊ_३२
मग ते तसंच ठेवतो. बाकीची दोन सुधारली, मेल आत्ताच पाठवतो.

शब्दवेडा
पाठवतो म्हणजे 'तो' की 'ती'?