बटणं दोन दिवसांत येतात, पुढचं कोण मोजणार?

खडूवाला:
काल 'फावला वेळ' यांनी लिहिलं की शिक्षकांना डिजिटल साधनं शिकायचीच नसतात, दोन दिवसांचं काम आहे, फोन वापरता येतो तर स्मार्टबोर्ड का येत नाही, बाकी सगळा आळस. वाचून डोकं फिरलं म्हणून हे एवढं लांबण.

मी गणित शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. बटणं दोन दिवसांत येतात हे खरंय, मलाही आली. जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडलं तेव्हा अर्ध्या तासात त्रिकोण काढला, कोन मोजले, शिरोबिंदू धरून इकडे तिकडे ओढला आणि स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच. म्हटलं बघा, त्रिकोण कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० च. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, सर १७९.९९ येतेय. आणि खरंच येत होती! ४७.३३, ६१.१८ आणि ७१.४८, करा बेरीज. पडद्यावर दोनच दशांश स्थळं दिसतात, आतले आकडे लांबलचक असतात, हे मला काय माहीत नव्हतं का, पण त्या क्षणी सुचेल तर शपथ. अख्खा वर्ग हसतोय, मी 'कॉम्प्युटरची चूक आहे' म्हणून मोकळा झालो. गणिताच्या तासाला एवढं खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.

पुढच्या वर्षी मुद्दाम तसाच त्रिकोण लावला आणि पोरांनाच विचारलं, ०.०१ गेलं कुठं? घंटा झाली तरी भांडत होती. बटणं दोन्ही वर्षी तीच होती हो. मधलं वर्ष कशात गेलं ते मोजा ना.

फावला वेळ:
सर, गोष्ट भारी आहे पण ती तुमची आहे. माझ्या मुलीच्या बाई काय करतात सांगतो. पीपीटी लावतात. एका स्लाइडवर चौदा ओळी. वाचून दाखवतात. पुढची स्लाइड. मुलगी म्हणते बाबा, वाचता तर मलाही येतं. ह्याला काय म्हणायचं? एक वर्ष द्या, दहा द्या, ह्या बाई चौदाच्या पंधरा ओळी करतील.

जुनी वही:
त्या बाई प्रोजेक्टर येण्याआधी पुस्तक वाचून दाखवत असणार, त्यात यंत्राचा काय दोष आणि काय उपकार. दर पिढीत कोणीतरी येऊन सांगतं की आता शाळा बदलणार. १९१३ मध्ये एडिसनने सांगून ठेवलं होतं की सिनेमा आला, शाळेतली पुस्तकं आता लवकरच जाणार. गेली का? ओईसीडी या देशांच्या संघटनेचा २०१५ चा अहवाल बघा, ज्या देशांनी शाळांतल्या कॉम्प्युटरवर भरमसाट खर्च केला त्यांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणीच्या निकालांत म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही. मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं, माझं काही अडलं नाही.

विजेची तार:
तुमचं नसेल अडलं, मुलांचं अडलं असेल तर ते तुम्हाला येऊन सांगणार आहेत थोडेच! मी विज्ञान शिकवते. 'करंट बल्बमध्ये खर्च होतो आणि पुढे कमी उरतो', ही समजूत मी फळ्यावर बाण काढकाढून थकले तरी जाईना. फेट म्हणून पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, त्यातल्या सर्किटमध्ये तारेतून इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात, बल्बच्या अलीकडे जेवढे भराभर तेवढेच पलीकडे. एक मुलगी नुसती बघत बसली आणि म्हणाली, मग बाई संपतं ते काय? असा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. हे फेट सुरू केलं कार्ल वाइमनने २००२ मध्ये, नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ आहे, खेळणी विकणारा नाही.

जुनी वही:
नोबेल पुढे करून वाद जिंकता येत नाही ताई. तुमच्या त्या सर्किटात तार कधी सैल होते का? टोक गंजतं का? खऱ्या प्रयोगशाळेत दहापैकी चार बल्ब लागत नाहीत आणि का लागत नाही ते शोधण्यातच मुलगा वीज शिकतो.

विजेची तार:
सैल तारेचं मान्य. आधी पडदा, मग खरी तार, असंच करते मी. 'एकतर हे नाहीतर ते' तुम्ही ठरवलंत, मी नाही.

जुनी वही:
बरं. पण खरा रोग वेगळाच आहे. पोरं हल्ली लिहीतच नाहीत. फळ्याचा फोटो काढतात. तो फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. हातातून गेल्याशिवाय डोक्यात जात नाही, आणि मुलर-ओपनहायमर या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगातही लॅपटॉपवाल्यांपेक्षा हाताने टिपणं काढणारेच संकल्पनेच्या प्रश्नांत पुढे होते.

शाईचा डाग:
आलं, हस्ताक्षर आलंच! माझ्या मुलाला डिस्ग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणंच त्याला जड जातं. चौथीपर्यंत त्याच्या प्रत्येक वहीवर लाल शेरा, 'अक्षर सुधारा'. उत्तर बरोबर, पण वाचणारच नाहीत. सातवीत एका सरांनी कीबोर्डवर निबंध टाइप करू दिला, पहिल्यांदा दोन पानं लिहिली त्याने. सरांना स्वतःला मार्जिन कसं लावायचं ते येत नव्हतं, मुलानेच दाखवलं. त्या दिवशी घरी आला तो वेगळाच मुलगा होता. तुमचं 'हातातून डोक्यात' त्याला सांगून बघा एकदा.

जुनी वही:
अपवाद दाखवून नियम मोडत नाही. बाकीच्या एकोणचाळीस पोरांचं काय?

शाईचा डाग:
अपवाद म्हणजे माझा मुलगा. शब्द जपून वापरा काका.

टंकक:
आणि तो टिपणांचा प्रयोग सांगायचा तर पुरता सांगा. त्यात कॉलेजची मुलं होती, शाळेतली नव्हे. २०२१ मध्ये तोच प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा केला, लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवून घेतात हे परत दिसलं, पण परीक्षेतला तो फरक काही सापडला नाही. अर्धा प्रयोग सांगणं म्हणजे आपल्या गुरुजींची जुनीच खोड.

जुनी वही:
पुन्हा करून काही सापडलं नाही म्हणजे उलटं सिद्ध झालं असं नाही. आणि गुरुजींवर घसरायची गरज नव्हती. मुलाबद्दल बोललो ते चुकलं, ते मागे घेतो. फोटोबद्दल घेत नाही.

फावला वेळ:
फोटोबद्दल मी काकांच्या बाजूने, नाइलाजाने. मुलीच्या फोनमध्ये फळ्याचे आठशे फोटो आहेत, भूगोल कुठला आणि इतिहास कुठला तिलाच माहीत नाही.

खडूवाला:
त्रिकोणावरून निघालो ते हस्ताक्षराच्या स्पर्धेत पोचलो. असो. मीही फोटो काढू देत नाही, पण तास संपताना पाच मिनिटं देतो, फळा पुसून आठवेल ते लिहा म्हणतो. ह्याला ना लॅपटॉप लागतो ना तीस वर्षं.

आणि 'फावला वेळ' साहेब, तुमच्या मुलीच्या बाईंचा मी वकील नाही. पण त्यांना कोणी कधी दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून बघू दिलंय का? आम्हाला प्रशिक्षण म्हणजे एका हॉलमध्ये शंभर जण, पुढे एकजण पडद्यावर बटणं दाखवतोय, आणि गंमत बघा, तोही स्लाइड वाचूनच दाखवतो. मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्येच मांडलंय की विषय, शिकवायची रीत आणि तंत्र ही तिन्ही एकमेकांत मुरावी लागतात. आमच्या वाट्याला तिसरंच येतं, तेही जेवणानंतरच्या सत्रात.

फावला वेळ:
ठीक आहे, दोन दिवस मागे घेतले. दोन महिने करा. वर्ष देणार नाही. आणि चौदा ओळींना माफी नाही.

विजेची तार:
सर, ते ०.०१ माझ्या गणिताच्या मैत्रिणीला सांगितलं, उद्या लावतेय. विचारतेय दशांश स्थळं कुठून वाढवायची?

खडूवाला:
सेटिंगमध्ये राउंडिंग म्हणून आहे. पण आधीच वाढवू नका म्हणावं, ओरडू दे त्यांना.