आपले पात्र बदलले तेव्हा : ॲनिमेटेड सुपरहिरो मालिकांच्या प्रेक्षकांचे अनुभव

धागाकर्ती, मुलुंड

माझा भाचा अकरावीत आहे आणि ॲनिमेटेड सुपरहिरो मालिका हा आम्हा दोघांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. अलीकडे आम्ही 'एक्स-मेन ९७' पुन्हा पाहायला घेतली आणि मॉर्फ हे रूप बदलणारे पात्र पडद्यावर येताच एक अडचण उभी राहिली, जी खास आपल्या भाषेची आहे. १९९२ साली सुरू झालेल्या जुन्या मालिकेत मॉर्फ पुरुष होता. सुरुवातीच्याच कथेत तो मारला गेला, पण प्रेक्षकांना त्याचा इतका लळा लागला होता की दुसऱ्या पर्वात त्याला परत आणावे लागले. २०२४ च्या या नव्या मालिकेत मॉर्फची ओळख स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणतीच नाही, आणि चेहराही केसविरहित, पांढराफटक आहे. मराठीत वाक्य पुरे करायचे तर क्रियापदाला लिंग द्यावेच लागते. 'मॉर्फ आला' म्हणावे की 'मॉर्फ आली'? 'मॉर्फ आलं' म्हटले तर तान्ह्या बाळाविषयी बोलल्यासारखे वाटते. भाच्यानेच तोडगा काढला. तो म्हणाला, "मावशी, आपण आजोबांना 'आले' म्हणतो, तसंच म्हणूया." तेव्हापासून आमच्या घरात मॉर्फ येतात, मॉर्फ बोलतात आणि मॉर्फ चिडतात.

या बदलाची बातमी प्रथम वाचली तेव्हा मी नाराज झाले होते, हे मान्य करते. माझा चेष्टेखोर मॉर्फ आता गंभीर होऊन काहीतरी शिकवत बसेल, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात थट्टा तीच राहिली आणि लोगनवरची (म्हणजे वुल्व्हरिनवरची) माया तीच राहिली, किंबहुना अधिक गहिरी झाली. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझी नाराजी मॉर्फच्या ओळखीविषयी नव्हतीच, तर स्वभाव हरवण्याच्या भीतीविषयी होती.

आपल्यापैकी ज्यांच्या आवडत्या पात्राचे रूप, वर्ण, नाते किंवा स्वभाव असा बदलला, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. 'आवडले' किंवा 'नाही आवडले' एवढ्यावर न थांबता नेमके काय बदलले होते, तेव्हा आपल्याला काय वाटले आणि ते मत पुढे टिकले का, हेही सांगावे.

परळचा एक वाचक

ताई, माझा अनुभव थोडा उलटा आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या आमच्या चाळीत 'जस्टिस लीग' पाहायला आम्ही सात-आठ मुले शेजारच्या काकूंच्या खोलीत जमत असू. ही मालिका २००१ ची, आणि तिच्यातला ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्ट्युअर्ट : कृष्णवर्णीय, पूर्वी मरीन सैनिक असलेला, शिस्तीचा आणि फारसा न हसणारा. चाळीच्या लांबलचक गॅलरीत आम्ही जो खेळ खेळत असू त्यात माझ्या रंगामुळे खलनायकाची भूमिका ठरल्यासारखी माझ्याकडेच येत असे. जॉन स्ट्युअर्ट पाहिल्यावर मी पहिल्यांदा ठामपणे सांगितले की आजपासून मी ग्रीन लँटर्न, आणि कोणाला त्यावर काही बोलता आले नाही.

२०११ साली या नायकावरचा चित्रपट आला तेव्हा आम्ही तिघे मित्र मोठ्या उत्साहाने गेलो, आणि पडद्यावर हॅल जॉर्डन नावाचा गोरा वैमानिक पाहून अक्षरशः गोंधळलो. आमच्या नायकाला बदलून टाकले, असे म्हणत मी घरी आलो. पुढे वाचन केल्यावर समजले की हॅल जॉर्डन १९५९ पासून कॉमिक्समध्ये होता आणि जॉन स्ट्युअर्ट १९७१ मध्ये आला. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा जुने वाचक 'आमचा हॅल कुठे गेला' असे विचारत होते, आणि दहा वर्षांनी चित्रपट पाहून मी 'आमचा जॉन कुठे गेला' असे विचारत होतो. त्यांचे दुःख मला त्या दिवशी कळले. आपल्याला जो पहिल्यांदा भेटतो तोच आपल्यासाठी मूळ असतो, मग छापील पानांवर त्याच्या आधी कोणीही असो. मात्र एक गोष्ट मला खटकते. कॉमिक्समधला जॉन वास्तुविशारद होता, आणि मालिकेने त्याच्यातला सैनिकच पुढे आणला. कागदावर इमारतीची रेषा ओढणारा माणूस ग्रीन लँटर्नच्या, मनात येईल ते साकारणाऱ्या अंगठीतून काय काय उभे करू शकला असता, याचा विचार मी अनेकदा करतो.

गोरेगावचा चित्रकार

मी काही वर्षे ॲनिमेशनमध्ये क्लीनअपचे, म्हणजे कच्च्या रेखाटनावर स्वच्छ रेषा ओढण्याचे, काम केले आहे, म्हणून पडद्यामागची बाजूही मांडतो. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेवर माझा फार जीव होता. १९९७ मध्ये ती नव्या रूपात आली तेव्हा सगळ्या पात्रांचे आराखडे बदललेले होते : रेषा कमी, कोन अधिक, जोकरचे लाल ओठ गायब, डोळ्यांच्या जागी काळोख आणि त्यात पांढरे ठिपके. मी तेव्हा शाळेत होतो. चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर मी जुना आणि नवा जोकर शेजारी शेजारी काढला आणि नव्यावर फुली मारली.

पुढे स्वतः कामाला बसल्यावर मला त्या बदलाचा एक भाग उमगला. पडद्यावर एका सेकंदात चोवीस फ्रेम जातात, आणि एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. वीस मिनिटे एकच पात्र सतत हलत राहिले असे मानले, तर १४,४०० चित्रे होतात. कोटावर एक जादा घडी असेल तर ती घडी तितक्या वेळा काढावी लागते, आणि तीही निरनिराळ्या हातांनी, कारण अशा मालिकांचे प्रत्यक्ष रेखांकन मोठ्या प्रमाणावर जपान आणि कोरियातील स्टुडिओंत होत असे. मॉडेल शीट, म्हणजे पात्राचा नमुना-आराखडा, जितकी साधी, तितके पात्र हातागणिक कमी बिघडते. नव्या मालिकेतल्या बॅटमॅनच्या हालचाली मला आज जुन्यापेक्षा सफाईदार दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

तरीही जोकरच्या डोळ्यांना मी माफ केलेले नाही. ती काटकसर नव्हती, ती आवडीनिवडीची निवड होती. त्या डोळ्यांमुळे त्याच्या नजरेतला खट्याळपणा गेला, आणि जोकर हा आधी हसवतो आणि मग घाबरवतो, हा क्रमच मोडला. उलट स्केअरक्रो हा खलनायक जुन्या मालिकेत बेताचाच वाटत असे, तो नव्या रूपात खरोखर भीतिदायक झाला. सरसकट निवाडा मला करता येत नाही. पात्रागणिक वेगळे बोलावे लागते.

गिरगावचे काका

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि माझा नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघू लागले, आणि मराठीतले अंक आम्ही चार भावंडे पाळी लावून वाचत असू. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा वेताळ पूर्णपणे माणूस आहे, आणि हेच त्याचे मोठेपण आहे. बाप पडला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो. त्याच्याजवळ शक्ती नाही, परंपरा आहे.

१९८६ च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या मालिकेची भाड्याची कॅसेट मी मुलासाठी आणली होती. तीत वेताळ जंगलाचा कायदा उच्चारून दहा वाघांचे बळ अंगात आणतो. मी टीव्हीसमोरून उठून गॅलरीत गेलो. मुलाला मात्र तो प्रसंग इतका आवडला की तो आठवडाभर दहा वाघांचे बळ अंगात आणून जिना चढत होता. मला ज्याचे दुःख झाले त्याचे त्याला कौतुक वाटले, आणि त्याला समजावण्याचा मी केलेला प्रयत्न फसला.

त्याच मालिकेतला दुसरा बदल मात्र मी मनापासून स्वीकारला. जुन्या कथांमध्ये मँड्रेक या जादूगाराचा सेवक म्हणून वावरणारा लोथार येथे इतरांच्या बरोबरीचा रक्षक आहे, आणि त्याला स्वतःचा मुलगाही आहे. लहानपणी मला लोथारचे ते खालचे स्थान खटकले नव्हते, आणि खटकले नव्हते याचेच आता वाईट वाटते. गोरेगावकर, तुमच्या जोकरच्या डोळ्यांवरून एक आठवले : वेताळाच्या मुखवट्यामागे बुबुळे कधीच दिसत नाहीत, आणि ती दिसू नयेत यातच मौज आहे.

गोरेगावचा चित्रकार

काका, अगदी खरे. वेताळाचे डोळे पहिल्यापासून झाकलेले आहेत, म्हणून त्यांचे गूढ वाटते. जोकरचे डोळे आम्ही आधी पाहिलेले होते, म्हणून ते काढून घेतल्यासारखे वाटले.

विक्रोळीची वाचक

'इन्व्हिन्सिबल' ही मालिका मार्च २०२१ च्या अखेरीस आली. मुंबईत दुसरी लाट सुरू होती, एप्रिलमध्ये लोकलचे दरवाजे सर्वसामान्यांना पुन्हा बंद झाले, आणि माझा एक मित्र व मी दर शुक्रवारी आपापल्या घरी नवा भाग पाहून रात्री फोनवर बोलत असू. आम्ही दोघांनी १४४ अंकांचे मूळ कॉमिक वाचलेले होते. त्यातली ॲम्बर, म्हणजे नायक मार्कची मैत्रीण, गोरी, सोनेरी केसांची होती. मालिकेतली ॲम्बर कृष्णवर्णीय आहे, आणि मार्कची आई डेबी कोरियन वंशाची आहे.

मित्राने पहिल्याच रात्री ॲम्बरविरुद्ध तक्रार सुरू केली, तेव्हा तिच्या तोंडी जेमतेम चार वाक्ये आलेली होती. मी तिची बाजू घेतली आणि ते योग्यच होते, कारण तो तिच्या वर्णावर रागावला होता आणि त्याला लेखनाचे नाव देत होता. अडचण पर्वाच्या अखेरीस आली. संकटात मार्क मित्रांना सोडून निघून गेला म्हणून ॲम्बर त्याच्यावर संतापते, आणि नंतर सांगते की तोच इन्व्हिन्सिबल आहे हे तिला आधीच कळले होते. हे दोन्ही एकत्र पटत नाही. ठाऊक होते तर तो पळाला नाही, लढायला गेला, हेही ठाऊक असणार. मार्कने खोटे बोलून तिला दुखावले हे खरेच आहे, पण लेखकांनी तिच्या रास्त रागाला चुकीच्या प्रसंगावर उभे केले.

मला हे त्याच रात्री दिसले आणि मी ते मित्राला सांगितले नाही. मी एवढे जरी मान्य केले असते, तरी 'बघ, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो' असे तो म्हणाला असता, आणि मग त्याचा वर्णाविषयीचा आकस माझ्या तोंडून खरा ठरला असता. त्यामुळे मी एका चुकीच्या प्रसंगाची चार दिवस वकिली केली. चाहत्यांच्या भांडणात माझ्या मते हीच खरी हानी होते : ज्यांना पात्र मुळातच नको असते ते इतका आवाज करतात की ज्यांना ते हवे असते त्यांना त्याच्यातली उणीव मोकळेपणाने बोलता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरे पर्व आले. त्यात मार्कचे गुपित जाणणारी, त्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसणारी आणि अखेर समजूतदारपणे वेगळी होणारी ॲम्बर पाहिली, तेव्हा मी मित्राला फोन करून २०२१ मधले माझे मत सांगितले. त्यानेही पहिल्या रात्री आपण घाई केल्याचे कबूल केले. डेबीविषयी मात्र आमचे कधीच भांडण झाले नाही. नवऱ्याचा रक्ताळलेला पोशाख हाती लागल्यावर एकटीने माग काढणारी ही डेबी कॉमिकमधल्या डेबीपेक्षा कितीतरी पटींनी भक्कम आहे.

भांडुपचा बाबा

थोडक्यात लिहितो. २००३ च्या 'टीन टायटन्स'मध्ये मी वाढलो, आणि २०१३ पासूनच्या 'टीन टायटन्स गो'ने त्याच पाच जणांना नुसते विनोदी केले, याचा मला मनस्वी राग होता. इंग्रजी आवाज देणारे पाचही कलाकार तेच आहेत, त्यामुळे डोळे मिटले की अधिकच हुरहूर लागत असे. माझी मुलगी मात्र नव्या मालिकेवर खूश आहे. तिला मी जुन्या मालिकेचा शेवटचा भाग दाखवला, ज्यात बीस्ट बॉय त्याच्या जुन्या मैत्रिणीसारख्या, टेरासारख्या, दिसणाऱ्या एका मुलीला पूर्वीची टेरा बनवण्यासाठी विनवत राहतो आणि ती नकार देते. मुलीने विचारले, "बाबा, ती नको म्हणते तर तो तिला का सोडत नाही?" मी उत्तर देऊ शकलो नाही.

दादरचा वाचक

माझा अनुभव चांगल्या बदलाचा आहे. १९५९ मध्ये कॉमिक्समध्ये मिस्टर झिरो नावाने आलेला आणि पुढे मिस्टर फ्रीझ झालेला खलनायक हा बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक चोर होता. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेने त्याला नोरा ही पत्नी दिली, जी आजारी आहे आणि बरी होण्याच्या आशेने गोठवून ठेवलेली आहे. त्या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सनेही ही कथा स्वीकारली.

मी तो भाग पाहिला तेव्हा आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती. वडील तिला भरवून, ताट धुऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि कार्टूनला पोरखेळ समजणारा हा माणूस हातातल्या पंचासह दारातच उभा राहिला. भाग संपेपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "त्या माणसाची बायको पुढे बरी होते का रे?" जुना बर्फाचोर तसाच ठेवला असता, तर वडिलांनी हा प्रश्न विचारला नसता आणि त्या वर्षी आमच्यात आईविषयी जे पहिले बोलणे झाले, तेही झाले नसते.

शिवडीची वाचक

मी मात्र अजून सावरलेली नाही आणि तसे लिहिले तर चालेल असे समजते. जुन्या 'एक्स-मेन'मधली रोग (Rogue) ही नायिका आणि गॅम्बिट हा नायक ही माझ्या कॉलेजच्या दिवसांतली जोडी. रोगच्या शक्तीमुळे स्पर्श करता येत नसतानाही एकमेकांना न सोडणारी ही दोघे मला फार जवळची होती. नव्या मालिकेत रोगचे मॅग्नेटो या एकेकाळच्या खलनायकाशी जुने नाते असल्याचे दाखवले. कॉमिक्समध्ये त्याला आधार आहे, हे मला चाहत्यांनी अनेकदा सांगितले आहे. पण मी कॉमिक्सवर नाही, त्या मालिकेवर प्रेम केले होते. पाचव्या भागात ती दोघे नाचतात, गॅम्बिट ते पाहतो, आणि त्याच भागात जेनोशा या म्युटंटांच्या देशावरच्या हल्ल्यात तो मरतो. मी तो भाग हार्बर लाइनवर फोनमध्ये पाहत होते आणि वडाळ्याला उतरायचे विसरले. त्यानंतरचे पाच भाग मी आजपर्यंत पाहिलेले नाहीत.

धागाकर्ती, मुलुंड

शिवडीच्या ताई, ते पाच भाग एकटीने पाहू नका. या रविवारी दुपारी आम्ही सहावा लावणार आहोत. तुम्ही या. भाचा म्हणतो आहे की मॉर्फ यांच्यासाठी तरी त्यांना यायला सांग.