मदत हवी आहे: गावातला कॉम्प्युटर क्लब हळूहळू फुकटचं सेतू केंद्र होत चाललाय

नमस्कार मंडळी,

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. पोस्टातून निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांसाठी कॉम्प्युटर क्लब सुरू केला, त्याला आता दोन वर्षं झाली. चाकरमान्यांनी गणपतीला येताना टेम्पोत घालून सहा जुने संच आणले होते. शनिवार-रविवार तीन ते सहा, फी नाही. मी, एक वायरमन दादा आणि बारावीतला एक मुलगा, असे तिघं चालवतो. आधी पाच जण होतो. त्यातले दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले. चांगलंच झालं म्हणायचं, पण रिकामी जागा भरून निघाली नाही.

संचांबद्दल फार तक्रार नाही. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते आणि आमची यंत्रं विंडोज 11 ला पात्र नाहीत. म्हणून बारावीतल्या मुलाने सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. चार जीबी रॅमवर छान चालते. "हे विंडोज नाही, मग एमएससीआयटीला काय उपयोग?" असं दोन पालकांनी विचारलं, तेवढंच.

खरी अडचण वेगळीच. पहिल्या वर्षी एका आजोबांना सातबारा काढून दिला. आठवड्याभरात अख्ख्या वाडीला कळलं. आता शनिवारी तीन वाजता दारात मुलांच्या आधी मोठी माणसं उभी असतात. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं पेन्शन, कुणाच्या फोटोची साईज कमी करायची. नाही म्हणवत नाही हो, तालुक्याला जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. पण मग मुलं भिंतीला टेकून वाट बघत बसतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर जरा हात बसू लागलेल्या दोन मुली आता येतच नाहीत.

गेल्या महिन्यात तर पोटात गोळा आला. पाचवीतला मुलगा चित्र शोधायला डाउनलोड्समध्ये गेला आणि म्हणाला, "बाई, हे कुणाचं आधार कार्ड आहे?" आत चौदा जणांची आधार कार्डं आणि पासबुकांची पहिली पानं! शिवाय लोक ओटीपी खोलीभर ऐकू जाईल असा ओरडून सांगतात, तो प्रकार आहेच.

अर्जांचं काम बंद करावं का? करायचं तर कसं सांगावं? आणि पावसाळ्यात दोन संच चालू होत नाहीत, नुसतं बीप वाजतं. त्यावरही कुणी सांगितलं तर बरं होईल.

– माडाखाली

—

ताई, बीपचं आधी. बहुतेक रॅमच्या पट्टीला दमट हवेने मळ धरला असेल. वायर काढून ठेवा, पट्टी बाहेर काढा, सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा झटकून परत बसवा. आमच्याकडे गुहागरला दर आषाढात हाच कार्यक्रम असतो. पावसाळ्यात क्लब बंद असला तरी संच रोज तासभर चालू ठेवा. विजा चमकायला लागल्या की मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

– खोडरबर

—

आधार कार्डांचं आजच्या आज बघा. मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनची, म्हणजे पाहुण्यांसाठी तात्पुरत्या लॉगिनची सोय आहे. अर्ज भरायला आलेल्याला त्यातच बसवायचं. बाहेर पडलं की त्यातल्या फाइली आपोआप पुसल्या जातात. आणि आमच्या क्लबातला एक नियम सांगतो: माऊस अर्जदाराच्याच हातात. आपण शेजारी हाताची घडी घालून बसायचं. पहिल्या दिवशी चिडतात, पण निम्मी गर्दी आपोआप कमी होते. उरतात ती तिसऱ्या खेपेला स्वतः करतात. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

– घाटमाथा

—

घाटमाथा यांचा नियम पटला, पण सत्तरीतल्या मोतीबिंदूवाल्या आजींना तो लावू नका. अर्ज बंद करू नका असंही माझं मत. वाचनालयाच्या कमिटीने तुम्हाला खोली फुकट दिलीय ती मुलांच्या टायपिंगसाठी नव्हे, हे कडू वाटेल पण खरं आहे. वार वेगळा करा. बुधवारी संध्याकाळी अर्ज, शनिवार-रविवार फक्त मुलं. आणि बुधवारी नववी-दहावीची दोन मुलं मदतीला घ्या. दुसऱ्याला शिकवताना त्यांचंही पक्कं होतं, आणि तुमचे पुढचे स्वयंसेवक तिथेच तयार होतात.

– पारावरचा

—

सगळ्यांचे आभार. खोडरबराने एक संच चालू झाला! दुसरा अजून ओरडतोय, त्याच्यात पहिल्याची पट्टी घालून बघणार आहे. डाउनलोड्स पुसले, कचरापेटीही रिकामी केली. बुधवारचा फलक लावला. पहिल्या बुधवारी अकरा माणसं आली. मोतीबिंदूवाल्या आजी खरंच आल्या होत्या, त्यांचा माऊस मीच धरला. त्या दोन मुलींच्या घरी उद्या जाणार आहे.

एक नवीन प्रश्न. गेस्ट सेशनमध्ये दर वेळी मराठी कीबोर्ड नव्याने लावावा लागतो, मागचं काही लक्षात राहत नाही. तो कायमचा तिथे राहील असं कुणी केलंय का? बारावीच्या मुलाची परीक्षा आहे, त्याला विचारवत नाही.

– माडाखाली