बोर्डामागच्या भिंतीवर कोणाचं चित्र काढायचं?

(घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीचा रहिवासी ग्रुप, गुरुवार रात्र.)

ए-१०२, सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बास्केटबॉलच्या बोर्डामागची भिंत रंगवायला कमिटीची मंजुरी मिळाली आहे. पेंटर रविवारी सकाळी येणार. मुलांना एका मोठ्या खेळाडूचं चित्र हवंय, पण कोणाचं यावरून आज खाली बरीच वादावादी झाली. कृपया शनिवारपर्यंत इथेच ठरवा.

डी-९०४: लेब्रॉन जेम्स. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे. करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ चा रेकॉर्ड त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोडला आणि पुढच्याच वर्षी ४०,००० पार केले.

बी-६०१: मायकल जॉर्डन. ६ फायनल खेळला, ६ जिंकला, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. लेब्रॉन १० फायनल खेळला आणि ४ जिंकला.

डी-९०४: दादा, मग पहिल्या फेरीत हरणं चांगलं आणि फायनलला जाऊन हरणं वाईट, असं आहे का? जॉर्डन पहिली तिन्ही वर्षं पहिल्या फेरीतच बाहेर पडला होता. आणि २०१६ ची फायनल बघा. समोर मोसमात ७३ सामने जिंकलेली गोल्डन स्टेट, लेब्रॉनची क्लीव्हलँड १-३ ने मागे, तिथून चषक आणला.

बी-६०१: ती फायनल जबरदस्तच होती, नाही कोण म्हणतंय. पण १९८७-८८ चा मोसम काढून बघ. सामन्यामागे पॉइंटची सर्वाधिक सरासरी जॉर्डनची, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) तो, आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच. दोन्ही बाजूंनी असा खेळणारा मला दुसरा दाखव.

ए-१००३: स्टेफ करी का नको? आमचा धाकटा रिंगखाली जातच नाही, लांबूनच टाकत बसतो. २०१५-१६ च्या एका मोसमात करीने ४०२ थ्री (लांबून टाकलेले ३ पॉइंटचे बास्केट) टाकले. त्याआधीचा रेकॉर्ड २८६, तोही त्याचाच.

बी-२०३: टँकर आला का कोणी बघितलं?

ए-१०२, सेक्रेटरी: आला, टाकी भरतेय. १५ मिनिटांत पाणी सोडू.

सी-१२०१: मी विद्यापीठाकडून खेळलेय, आता शनिवारी या मुलांना शिकवते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. माझं मत बिल रसेलला.

पॉइंट जोडून वेगवेगळ्या काळातले खेळाडू तोलता येत नाहीत, कारण मोजणीच सारखी नाही. एनबीएत थ्रीची रेषा १९७९-८० मध्ये आली. त्याआधी कितीही लांबून टाका, पॉइंट दोनच. ब्लॉक (समोरच्याने रिंगकडे टाकलेला बॉल अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडून बॉल हिसकावणं) तर १९७३-७४ पासून मोजायला लागले. रसेल निवृत्त झाला १९६९ ला. ज्याने ब्लॉकला बचावाचं मुख्य हत्यार केलं, त्याच्या नावावर अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही! शिवाय तो बॉल थापटून कोर्टाबाहेर घालवायचा नाही. बोटांनी अडवून आपल्याच माणसाकडे ढकलायचा आणि तिथूनच फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट उलटा हल्ला, सुरू व्हायचा. माझ्या मुलांना मी हेच सांगते की बॉल गॅलरीत मारून टाळ्या मिळतात, पण बॉल परत समोरच्या टीमकडेच जातो.

ई-४०१: ताई, कबड्डीचंही हेच झालंय. आम्ही मातीवर खेळायचो. आता मॅट, ३० सेकंदांची चढाई, सुपर टॅकलचे जादा गुण. आजच्या चढाईपटूचे गुण जुन्या माणसाच्या गुणांशेजारी मांडले तर त्या जुन्या माणसावर अन्याय होतो.

सी-१२०१: अगदी बरोबर, काका.

डी-९०४: पण ताई, रसेल खेळायला लागला तेव्हा लीगमध्ये टीमच ८ होत्या. आज ३० आहेत. १३ मोसमांत ११ विजेतेपदं तेव्हा जमली, आज कोणाला जमतील?

सी-१२०१: तुझा मुद्दा निम्मा मान्य. तेव्हा जगभरातून खेळाडू येत नव्हते. आज योकिच सर्बियाचा, यानिस ग्रीसचा. आणि काळ्या खेळाडूंना टीममध्ये किती घ्यायचं यावर अलिखित मर्यादा होती, म्हणजे कितीतरी चांगली माणसं बाहेरच राहिली. पण उरलेलं निम्मं उलटं आहे. ८ टीम म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून जेमतेम शंभर जागा. कच्ची टीम अशी फारशी कोणी नाही, आणि विल्ट चेंबरलेन वर्षातून पुन्हा पुन्हा समोर येणार.

चेंबरलेनचं तर ऐकाच. १९६१-६२ मध्ये त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ पॉइंट. त्याच मोसमात २ मार्चला न्यूयॉर्कविरुद्ध एकट्याचे १०० पॉइंट. सामना ४८ मिनिटांचा आणि याची मोसमाची सरासरी ४८.५ मिनिटं, कारण जादा वेळेतही बाहेर बसायचा नाही! पुढे १९६४ मध्ये रिंगखालची पट्टी (जिथे हल्ला करणाऱ्याला ३ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) १२ फुटांवरून १६ फूट रुंद केली, ती मुख्यतः त्याला रिंगपासून लांब ठेवायला.

आणि त्या १९६१-६२ च्या मोसमाचा एमव्हीपी कोण? रसेल. सरासरी १८.९. तेव्हा एमव्हीपीचं मत खेळाडू स्वतः द्यायचे. जे दोघांनाही कोर्टवर भिडत होते, त्यांनी ५० पॉइंटवाल्याला सोडून याला निवडलं. मला याहून मोठा पुरावा माहीत नाही.

बी-६०१: हे खेळाडूंच्या मताचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

ए-५०४: खाली मुलीही खेळतात, आणि इतक्या मेसेजमध्ये एकाही बाईचं नाव नाही. डायना टॉरासी. २००४ ते २०२४, सलग ६ ऑलिम्पिक सुवर्णपदकं. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे बायकांच्या एनबीएत, १०,००० पॉइंटच्या वर गेलेली पहिली खेळाडू.

सी-१२०१: सलग ६ ऑलिम्पिक सुवर्णपदकं वरच्या कोणाकडेच नाहीत. तिचं नाव यादीत हवंच, आणि तिच्याबद्दल मुलींना मी या शनिवारीच सांगते.

डी-९०४: ताई, रसेलचा हिशोब पटतोय. पण पोरांनी त्याला बघितलेलंच नाही.

सी-१२०१: मीही त्याला खेळताना जुन्या फिल्ममध्येच पाहिलंय. तरी भिंतीवर तो हवा, याला आणखी एक कारण आहे. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला मैत्रीपूर्ण सामना होता. हॉटेलात काळ्या खेळाडूंना खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि त्याचे काळे सहकारी सामना न खेळता परत गेले. पुढे १९६६ मध्ये तो बॉस्टनचा कोच झाला, एनबीएतला पहिला काळा मुख्य कोच. शेवटची दोन विजेतेपदं, १९६८ आणि १९६९, त्याने खेळाडू आणि कोच दोन्ही होऊन जिंकली. टाइमआउटला सहकाऱ्यांना डाव समजवायचा आणि मग स्वतःच जाऊन रिंगखाली उभं राहायचं. २०२२ मध्ये तो गेला तेव्हा सगळ्या एनबीएने त्याचा ६ नंबर कायमचा निवृत्त केला. असा मान त्याआधी तिथे कोणालाच मिळाला नव्हता.

बी-६०१: ताई, माझं मत तरी जॉर्डनलाच. त्याला बघूनच मी बॉल हातात घेतला, ते काही बदलणार नाही. पण रसेल आला तर माझी हरकत नाही.

ए-१००३: माझंही रसेलला. धाकट्याला मी समजावतो.

ए-१०२, सेक्रेटरी: उद्या सकाळी मतदान टाकतो. नावं: जॉर्डन, लेब्रॉन, करी, टॉरासी, रसेल. खाली रोज खेळणारी मुलं-मुली आधी मत देतील, मग आपण.

सी-१२०१: चालेल. आणि सेक्रेटरी साहेब, पेंटर येतोच आहे तर फ्री थ्रोची रेषाही नव्याने आखून घ्या. बोर्डापासून ४.६ मीटर, रिंगपासून नाही. रविवारी ७ वाजता टेप घेऊन मी खाली येते.