गुडघेदुखीसाठी बाईक फिटिंग (सायकल आपल्या अंगाच्या मापाला जुळवून घेणं) करून घ्यावं का? नाशिकहून पुण्या-मुंबईला जाण्याइतका फरक पडतो का?

नमस्कार. मी नाशिकची, वय 44, उंची 157 सेंमी. चार वर्षं सायकल चालवते आहे, आधी हायब्रिड आणि गेल्या वर्षीपासून रोडबाईक. आठवड्यात दोनदा गंगापूर धरणापर्यंत, रविवारी त्र्यंबक नाहीतर वणी. डिसेंबरात पहिली 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला 12 तास 50 मिनिटं लागली. त्या दिवशी 140 किमीनंतर डाव्या गुडघ्याची वाटी जी ठणकायला लागली, ती अजून पूर्ण थांबलेली नाही.

सपाटीवर काही कळत नाही. चढ लागला की वाटीच्या खालच्या कडेला कुणीतरी अंगठा रुतवल्यासारखं होतं. जिना चढताना ठीक, उतरताना दुखतं. मांडी घालून बसले तर उठताना हात टेकावा लागतो. घरच्या पूजेला मी खुर्ची घेतली, ते पाहून सासूबाईंनी सायकल विकायचा विषय काढला. त्यांची काळजी खरी आहे, पण मला सायकल सोडायची नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून झीज नाही म्हणून सांगितलं आणि सहा आठवडे सायकल बंद ठेवायला लावली. दुखणं गेलं. पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्याच रविवारी परत आलं. तेव्हा माझी खात्री पटली की विश्रांतीने हे सुटणार नाही, सायकलवरच्या बैठकीतच काहीतरी चुकतंय. फिजिओथेरपिस्टनी मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम दिलेत, ते रोज करते.

सायकल घेतली तेव्हा दुकानात मला सीटवर बसवून दोन्ही चवडे जमिनीला टेकतील इतकी सीट ठेवून दिली होती. मीही वर्षभर तीच उंची बरोबर धरून चालले. आता वाचून मोजमाप केलं: अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड वही वर घट्ट दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप 72 सेंमी. लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिशोबात याला 0.883 ने गुणतात, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 63.6 सेंमी हवेत. माझी सीट होती 60.5 वर. तीन सेंमी खाली! सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि तशा दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो. तो सगळा दाब वाटीवर येतो.

एकदम तीन सेंमी न वाढवता दर आठवड्याला 5 मिमी वर घेतली. 63 वर पोचल्यावर गुडघ्याच्या मागची शीर ओढायला लागली. नवऱ्याने मागून स्कूटरवरून व्हिडिओ काढला, त्यात प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलताना दिसली. म्हणजे सीट जास्त वर गेली होती. पुन्हा 62.5 वर आणली. पुढचं दुखणं निम्म्याने तरी कमी आहे आणि हे मी पहिलं खरं यश मानते.

पण इथून पुढे मी अडकले आहे. सीट ट्यूब तिरकी असते, त्यामुळे सीट दोन सेंमी वर गेली की जवळजवळ सहा मिमी मागेही जाते, आणि तिच्या मानाने हँडल खाली पडतं. आता 50 किमीनंतर मान आणि तळहात भरून येतात. सीट पुढे घेऊ? मग गुडघा पेडलच्या पुढे जातो की नाही, हे ओळंबा लावून बघायचं म्हणे. तो मी एकटीने कसा धरू? शिवाय दुखणं एकाच गुडघ्याला आहे, ते क्लीटमुळे (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) असेल का? टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसले तर माझं डावं पाऊल आपसूक बाहेर वळतं, आणि क्लीट मात्र दोन्ही बुटांना अगदी सरळ लावलेत.

तर ज्यांनी खरंच फिटिंग करून घेतलं आहे, त्यांना विचारते. अंगावर खुणेचे ठिपके (मार्कर) लावून, सायकल चालत असताना कॅमेऱ्याने गुडघ्याचे कोन मोजतात, त्याने तुमचं दुखणं गेलं का, आणि किती दिवसांत? क्लीट आणि दोन पायांच्या लांबीतला फरकही तपासतात की फक्त सीट आणि स्टेमवर (हँडल धरणारा तुकडा) थांबतात? नंतर पुन्हा त्रास झाला तर फेरतपासणी त्याच पैशांत होते का? खर्च मोकळेपणाने सांगा. सायकल गाडीत घालून एक दिवस पुण्याला किंवा मुंबईला जायची तयारी आहे.

क्रँकबद्दलही सांगा. माझे 170 मिमीचे आहेत आणि 165 चे लावायला एकाने सुचवलं. क्रँक 5 मिमीने आखूड, म्हणून सीट 5 मिमी वर, असं धरून पेडल वर येताना गुडघ्याला एक सेंमी जादा जागा मिळते. हिशोब पटतो, पण आधी फिटिंग की आधी क्रँक?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गिअर विचारलेत: पुढच्या चकत्यांना 50 आणि 34 दाते, मागच्यांना 11 ते 28. चढावर कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) 55 पर्यंत उतरतो, हे मी आजवर ताकदीची कमी समजत होते, गिअर जड पडतो हे लक्षात आलं नव्हतं. मागे 34 दात्यांपर्यंतची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसेल का, त्यासाठी मागचा डिरेलर (साखळी सरकवणारा भाग) बदलावा लागेल का, हे उद्या मेकॅनिकला विचारते. डाव्या बुटावर क्लीटभोवती मार्करने रेघ मारून टाच किंचित आत येईल इतकंच क्लीट फिरवलंय. आज फक्त धरणापर्यंत, 30 किमी, हलक्या गिअरवर गेले. गुडघा गप्प होता. रविवारी त्र्यंबकला जाऊन आल्यावर इथेच लिहिते. तोवर फिटिंगचे अनुभव येऊ द्या, पुढच्या महिन्यातली तारीख मला या आठवड्यात ठरवायची आहे.