महिन्यातले दोन शनिवार, एवढ्यावर बाप राहता येतं का?

वाटसरू
लेक आठ वर्षांची आहे. आम्ही वेगळे राहायला लागून अडीच वर्षं झाली, घटस्फोटाची केस चालू आहे. अंतरिम आदेशाप्रमाणे मला दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो, ११ ते १, तोही कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत. तिथे एक खेळण्यातली जीप आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हापासून तिला तीनच चाकं आहेत. लेक येते, पहिली वीस मिनिटं दाराकडे बघत बसते, कारण आई बाहेर बाकावर असते. मग चित्रांची वही काढते. "बाबा, तुला एक गंमत सांगू?" इथवर येईतो पावणेएक वाजलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आईबाप वेगळे झाले की मुलाचा वेळ दोघांत निम्मा-निम्मा, इथून सुरुवात व्हावी. ज्याला ते नको असेल त्याने कारण दाखवावं. आज बापालाच सिद्ध करावं लागतं की तो मुलाला सांभाळायच्या लायकीचा आहे. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल दोघांकडेही राहावं याची, शिफारस केली होती. दहा वर्षं उलटली, कायदा होता तिथेच आहे. माझी लेक मात्र साडेपाचाची आठ झाली.

अबोली
दादा, तुमची तळमळ पोचली. पण मागणी मला मान्य नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. रात्री दोनला तो खोकायला लागला की नुसता खोकला आहे की छातीत घरघर आहे, पंप किती वेळा द्यायचा, दवाखान्यात कधी पळायचं, हे आमच्या घरात एकाच माणसाला कळायचं. लग्न टिकलं होतं तेव्हा ज्याने एकदाही रात्र जागवली नाही, त्याला वेगळं झाल्यावर कायद्याने निम्म्या रात्री का द्यायच्या?

भेटीहून परत आला की पोरगा विचारतो, "आई, तुझा पगार किती?" हा प्रश्न सहा वर्षांच्या पोराचा नाही. आणि जिच्यावर घरात हात उचलला गेला, तिने "कारण दाखवायचं" म्हणजे काय करायचं? चार भिंतींच्या आतल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? निम्मा वेळ मागायचा आणि मग पोटगी निम्मी करा म्हणायचं, हेही मी जवळून पाहिलंय.

वाटसरू
ताई, पोराकडून पगार विचारून घेणं चूकच आहे, त्याचं समर्थन करणार नाही. पण दुसऱ्याच्या मापाने मला मोजू नका. पहिलीला जाईपर्यंत लेकीच्या दोन वेण्या मी घालत होतो. व्हिडिओ बघून शिकलो होतो, आधी उशीच्या झालरीवर सराव केला होता.

गेल्या वर्षी आदेशातल्या सात भेटी झाल्याच नाहीत. कधी ताप, कधी लग्न, कधी परीक्षा. पोटगीचा मात्र एक हप्ता चुकवलेला नाही. भेट मिळत नसेल तर पैसे तरी का भरायचे, असं मनात येतंच.

काळा कोट
वीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करतेय, म्हणून राहवलं नाही. वाटसरू, तो विचार इथेच सोडा. पोटगी लेकीच्या फीसाठी आणि जेवणासाठी आहे, ते भेटीचं तिकीट नाही. पोटगी थकली म्हणून आईने भेट अडवायची नाही आणि भेट चुकली म्हणून बापाने पोटगी अडवायची नाही. बुडालेल्या सात भेटींच्या तारखा आणि त्या वेळचे मेसेज एकत्र करा, अर्ज टाका, बदली भेटी मागा. त्यांच्या दारात जाऊन वाद घालू नका, त्याचाच व्हिडिओ पुढच्या तारखेला कोर्टापुढे येतो.

आता कायद्याचं. ताबा (मूल कुणाकडे राहतं) आणि पालकत्व (त्याच्या वतीने निर्णय कोण घेतं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ९० टक्के भांडणं त्यांची गल्लत केल्यामुळे वाढतात असं माझं मत आहे. हिंदूंसाठी (यात बौद्ध, जैन, शीखही आले) १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे अठरा वर्षांखालचं वय) व पालकत्व कायदा आहे. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई असं लिहिलंय. त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील असंही आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "बापानंतर आई" म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नाही. तो जिथे नसेल, लक्ष घालत नसेल, तिथे आईच पालक. २०१५ मध्ये गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ताबा आईकडे दिला आणि आई अयोग्य आहे हे दाखवायची जबाबदारी बापावर टाकली.

पण पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप बापाकडे जातं, ही समजूत डोक्यातून काढा. कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सर्वांत वर. १८९० च्या पालक-पाल्य कायद्यात मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घ्यायची सोयही आहे.

माझं मत विचाराल तर निम्मा-निम्मा कायद्यात कोरून ठेवायला माझा विरोध आहे. कोर्टात आलेल्या दोन घरांचं दुःख सारखं नसतं. पण कोर्टाच्या खोलीतले दोन तास अडीच वर्षं तसेच चालू राहावेत, याला माझा त्याहून मोठा विरोध आहे. तो आदेश कायमचा नसतो. पायरीपायरीने मागा. आधी बाहेर पूर्ण दिवस, मग एक मुक्काम, मग दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी रोज ५-१० मिनिटं बोलता यायला हवं. हे अर्जात कुणी लिहीतच नाही. तुम्ही लिहा.

दोन घरांची
मी २६ वर्षांची आहे. मी नववीत असताना आईबाबा वेगळे झाले, संमतीने, आणि त्यांनी अगदी निम्मा-निम्माच केला. सोमवार ते गुरुवार सकाळ आई, पुढे बाबा. दोघंही चांगली माणसं आहेत, आजही आहेत.

पण गुरुवार आला की माझ्या पोटात गोळा यायचा. कंपासपेटी एका घरी, भूमितीची वही दुसऱ्या घरी. पाळी सुरू झालेली, आणि बाबांच्या कपाटात पॅड ठेवायला सांगायची हिंमत व्हायला वर्ष गेलं. मैत्रिणी विचारायच्या, "आज कुठे आहेस?" "कशी आहेस" हा प्रश्न नंतर यायचा. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझं दप्तर एका घरी राहू द्या आणि दुसऱ्या घराची किल्ली मला द्या. पंधरा मिनिटांवर होतं ते.

वाटसरूकाका, तुमचे दोन तास वाचून मला रडू आलं. पण निम्मा वेळ मोजून मागू नका. तिचा नाचाचा क्लास, तिची शाळा, तिची शनिवारची मैत्रीण, हे धरून मागा.

अबोली
काळा कोट ताई, पायरीपायरीने हे मला पटतं, पण मुक्काम आधी नको. पंप कसा द्यायचा हे डॉक्टरांसमोर त्याच्या बाबांनी शिकून घ्यावं, मग रात्रीचं बोलू. ही अट मी लेखी घालणार आहे.

आणि दादा, राग मानू नका, एक विचारते. लेकीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? तिच्या बुटांचं माप काय?

वाटसरू
बाईंचं नाव माहीत नाही. माप मी ३१ धरलं होतं. दिवाळीला लाल बूट नेले, तिच्या पायात चढलेच नाहीत. तिने ते तसेच हातात धरून ठेवले आणि म्हणाली, "छान आहेत, बाबा." ताई, मला माहीत नाही हे खरं आहे. पण महिन्याला चार तासांत मी ते कुठून शिकणार होतो?

काळा कोट, शाळेत गेलो तर मला आत घेतील का? मागे गेटवरच्या काकांनी परत पाठवलं होतं.

काळा कोट
कोर्टाने शाळेत जायला मनाई केली आहे का, ते आदेश काढून आधी नीट वाचा. तसं काही नसेल तर ताबा आईकडे असला तरी तुम्ही कायद्याने तिचे पालक आहातच. मुख्याध्यापकांच्या नावे साधं पत्र द्या, प्रगतिपुस्तकाची प्रत आणि पालकसभेची तारीख मागा, पोच घ्या. शाळा सुटायच्या वेळी गेटवर मात्र उभे राहू नका. आणि पत्र देण्याआधी लेकीच्या आईला मेसेज करून सांगा, आज-उद्याच.

अबोली
मेसेजमध्ये बुटांचं मापही विचारा. सांगतील त्या. मी तरी सांगितलं असतं.