घरापासून गोठ्यापर्यंत वीज न्यायची आहे, केबल आणि अर्थिंगबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घराच्या मागे साधारण १३० फुटांवर आमचा नवा गोठा झालाय. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खांब, चार म्हशी. तिथे चार दिवे, दोन पंखे आणि २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी चालवायची आहे.

गावातला वायरमन म्हणतो, साधी वायर झाडावरून ओढून देतो. मला ते पटत नाही. गोठ्यात सतत ओल असते, आणि माणसाला जाणवणारही नाही एवढा करंट जनावराला त्रास देतो. पावसाळ्यात खांबात करंट उतरला तर म्हैस जागेवर जाते, धार काढणारा माणूसही.

म्हणून आर्मर्ड (पोलादी कवच असलेली) केबल जमिनीखालून न्यायचा विचार आहे. कुट्टी सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे तांब्याची ४ स्क्वेअर एमएम पुरेल की ६ घ्यावी? चर किती खोल खणावा? वरून ट्रॅक्टर जातो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) घरात बसवू की गोठ्यात? आणि खांबांसह गोठ्याला वेगळं अर्थिंग केलं, तर ते घराच्या अर्थिंगला जोडायचं का?

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेणार आहे. गोठ्याचं वायरिंग केलेल्यांनी जरूर सांगा.